चौकटीबाहेरचा स्वार

निपाणीच्या तंबाखूच्या सुगीबद्दल मी आजवर घरात, देवळाच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत पुष्कळ बोललो आहे. बोलता बोलता गोष्ट मुनशींच्या चित्रापाशी आली की मी ती तिथून वळवत असे. तंबाखूच्या भावाकडे, तिखट रश्श्याकडे, कुठंही. ऐकणाऱ्यांना ते कधी कळलं नाही. वळवण्याची मला इतकी सवय झाली की पुढे पुढे मलाही ते कळेनासं झालं.

यंदा माघात कोल्हापूरहून बेळगावला परत येत होतो. निपाणीत गाडी थांबली आणि उघड्या खिडकीतून तो वास आत आला. वाळलेल्या पानावर पाणी मारून ढीग लावला की येतो तो. गोड, जड, थोडा कडवट. पुढच्या बाकावरची बाई पाठोपाठ शिंकली. कंडक्टर म्हणाला, "काच लावा की ओ अण्णा, नाकात जायला लागलंय." मी लावली नाही. गाडी हलेपर्यंत ती बाई माझ्यावर नजर रोखून बसली होती.

आमचं दुकान बेळगावच्या बाजारात. चित्रांना आणि फोटोंना चौकटी करून देण्याचं. वडील चौकटी करत आणि मी त्यांच्या हाताखाली शिकलो. मुंबई इलाख्यातले ते दिवस, रस्ते लाल मातीचे. संक्रांत झाली की आम्ही काच, गिलटाच्या पट्ट्या, पुठ्ठे आणि हत्यारं गवतात बांधून बैलगाडीवर चढवायचो आणि निपाणीला जायचो. एका व्यापाऱ्याच्या वखारीची पडवी आम्हाला सुगीपुरती मिळत असे. पीक निघालं की लोकांच्या हातात पैसा यायचा, नवी घरं उभी राहायची आणि नव्या घराला देव लागायचे. छापील लक्ष्मी, दत्त, शंकर-पार्वती गुंडाळून काखेत मारून माणसं यायची. आत वखारीत बायका नाकाला पदर बांधून तंबाखू चाळत असायच्या. बाहेर मी चुलीवर चिकटवायची खळ शिजवत असायचो. दिवसभर शिंका, हसणं आणि पट्टी कापण्याचा आवाज. जेवायला बसलो तरी भाकरीला तंबाखूचा वास.

चौकट म्हणजे चार पट्ट्या, असं मला तेव्हा वाटे. पण तिचं काम मी रोज पाहत होतो. गुंडाळी करून आणलेली लक्ष्मी म्हणजे कागद असे. तिच्यावर माशी बसली तर कुणी हाकलत नसे. तीच लक्ष्मी काचेमागे गेली की आणणारी बाई माझ्या हातातून घेण्याआधी नमस्कार करायची. माणसांचंही तसंच. जिवंत माणसाचा फोटो चौकटीत घालायला कुणी तयार नसे. एका व्यापाऱ्याने हौसेनं स्वतःचा फोटो काढून आणला, तर त्याच्या आईनं पडवीत येऊन मला झापलं. "माझ्या लेकाला भित्तीवर टांगतोस व्हय रं? हार बी तूच आणून घालशील!" फोटो परत ट्रंकेत गेला. म्हणजे आमच्या मुलखात चौकटीत जायचं ते देवानं नाहीतर गेलेल्यानं. मधल्या कुणाला तिथं जागा नव्हती.

आणि कड. छापील चित्राला चारी बाजूंनी पांढरी कड असायची, खाली छापखान्याचं नाव असायचं. कॅम्पातले गोरे साहेब आपल्या चित्रांभोवती हातभर पांढरं मोकळं ठेवून घेत. त्यांना ते आवडे. बाजारात तसं करून चालत नसे. "एवढं पांढरं कशाला? देवाला कपाळ पांढरं करून बसवतोस काय?" असं बायका विचारत. शिवाय पट्ट्या आम्ही बेळगावातच ठरावीक मापानं कापून आणलेल्या असत, त्यामुळे निपाणीत चित्र चौकटीच्या मापाचं करायचं, चौकट चित्राच्या नव्हे. म्हणून चित्र हातात आलं की पहिलं काम कड काढणं. पट्टी ठेवायची, सुरी फिरवायची, कड खाली. डोळे मिटून केलं तरी व्हावं इतकं ते अंगात मुरलं होतं. एकदा गजलक्ष्मीच्या हत्तीचं शेपूट कडेवर गेलं होतं, तेही गेलं. नेणारी आक्का दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन परत आली. "हत्ती बुचा केलास की रं मुडद्या!" सगळी वखार हसली, मीही हसलो. त्या हसण्यातून मी काही शिकलो नाही.

मुनशी वखारीच्या पलीकडच्या गल्लीत राहत. त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. हायस्कुलात फारसी शिकवत म्हणून सगळं गाव त्यांना मुनशीसाहेब म्हणे. मी ओळखू लागलो तेव्हा ते नोकरीतून मोकळे झाले होते, बायको वारली होती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. संध्याकाळी काम आवरलं की मी त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसे. ते बोलत, मी ऐके. चहा गुळाचा असे.

त्यांच्याकडे एक जुनं चित्रांचं पुस्तक होतं. पूर्वजांना कुणा सरदाराकडून मिळालेलं, इराणी हातचं. फार पानं उरली नव्हती. मुनशी ते कधी भिंतीला टेकवून दाखवत नसत. मांडीवर रुमाल अंथरायचा, त्यावर पुस्तक, आणि वाकून बघायचं. एका वेळी एक माणूस, फार तर बापलेक. "हे भित्तीचं चित्र न्हाय, दत्तोबा," ते म्हणत. "हे मांडीचं चित्र हाय. ह्याच्यात ऊन आडवं पडलंय का उभं, सावली कुठाय, विचारू नको. तळं वरनं दिसतंय, झाड समोरनं दिसतंय. कारण बघणारा वाकून बघतोय आणि बोटानं वाट काढतोय." चित्राभोवती सोनेरी, निळ्या रेघांची चौकट आखलेली असे आणि तिच्याबाहेर रुंद कड. त्या कडेवर सोन्याचा शिडकावा, कुठं दोन ओळी फारसीच्या, कुठं हरणं. आणि चित्रातल्या गोष्टी त्या रेघा ओलांडून खुशाल कडेवर जात. झाडाचा शेंडा, झेंड्याचं टोक. मी चौकटवाला, मला ती चूक वाटे. एकदा तसं म्हणालो तर ते हसले. "तुझ्या चौकटीत जे मावतंय तेवढंच खरं व्हय?"

त्या पुस्तकातलं एक पान त्यांचं लाडकं होतं. महालाच्या सज्जात राजा बसलेला. खाली अंगणात एक तरुण गुडघे टेकून, मान खाली घालून, हात बांधलेले. त्याच्यामागे तलवार उगारलेला माणूस. हे सगळं रेघांच्या आत. आणि डावीकडे, रेघांच्या बाहेर, कोऱ्या कडेवर, एक घोडेस्वार भरधाव येतो आहे. पागोटं सुटलेलं, हात वर, त्या हातात राजाची अंगठी. राग ओसरल्यावर राजानंच धाडलेली माफी घेऊन तो येतो आहे; सज्जात बसलेला राजा ती बाहेरून कशी धाडतो, हेही सावलीसारखंच विचारायचं नाही. घोड्याचे पुढचे दोन खूर तेवढे रेघ ओलांडून अंगणात पडले आहेत. राजा कैद्याकडे बघत नाही. तो त्या खुरांकडे बघतो आहे. हे एकदा कळलं की चित्रातली तलवार खाली येतच नाही.

"राग राजाच्या दरबारात असतोय," मुनशी म्हणत, "माफी भाईरनं येती. चितारणारा शाणा होता. त्यानं तिला दरबारात जागाच ठेवली न्हाय. भाईरनं धावत आणली."

त्यांचा मुलगा सलीम याच चित्रावर मोठा झाला होता. लहानपणी तो खुरांवर बोट ठेवून "आला, आला" म्हणत असे, हे मुनशी मला वरचेवर सांगत. त्यानं मास्तर व्हावं अशी त्यांची इच्छा. तो मॅट्रिकच्या परीक्षेला बसलाच नाही. उतारूंच्या सर्व्हिस मोटारीवर आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर झाला. मुनशींनी त्याला फारसी लिहिण्याची हातोटी दिली होती आणि तो हातात तेलाची चिंधी घेऊन उभा राहिला, तो दिवस त्यांना सोसला नाही. ते त्याला उंबऱ्यातच म्हणाले होते, "परत ह्या दारात पाय ठेवू नको." त्यानं ठेवला नाही.

पण त्याची मोटार बेळगाव ते कोल्हापूर जात असे, आणि निपाणी वाटेवरच. तिसऱ्या प्रहरी गाडी गावात शिरली की गल्लीच्या तोंडाशी दोन वेळा आखूड हॉर्न वाजे. रबरी भोंग्याचा, बदकासारखा. मुनशी त्या वेळी कट्ट्यावर असत. हॉर्न वाजला की बोलणं थांबवत आणि गाडी स्टँडाकडे गेली की पुढचा शब्द बोलत. मी एकदा म्हणालो, "हाक मारू काय त्याला?" ते म्हणाले, "माझ्या तोंडानं गेलाय. माझ्याच तोंडानं यायला पायजे. पर तोंड उघडंना."

मग एका सुगीच्या शेवटी, आम्ही आवराआवर करत असताना, ते काठी टेकत पडवीत आले. कापडात गुंडाळलेलं ते पान त्यांनी पुस्तकातून सोडवून आणलं होतं. चौकट करायची होती. "सुटं पान चुरगळंल. काचंत घाल. तू बेळगावला जाणार, तर स्टँडावर सलीमच्या हातात दे. काय सांगू नको. त्यो बघंल. त्याला कळतंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि दत्तोबा, ह्याचं जरा..." त्याच वेळी दोन गिऱ्हाइकं भांडत आली, कुणाचा शंकर कुणाला गेला होता. मी म्हणालो, "व्हय व्हय साहेब, ठिवा तिथं. सांजच्याला देतो." ते काय सांगणार होते ते आज मी न विचारता सांगू शकतो.

पान लक्ष्मीच्या मापाच्या चौकटीत बसत नव्हतं. सोनेरी रेघ समोर होती, सरळ, आयती. मी पट्टी ठेवली, सुरी फिरवली. चारी बाजू. पुठ्ठ्याला खळ लावली, पान डकवलं, हातानं हवा काढली. मग खाली बघितलं, तर भुशात घोडेस्वार पडला होता. सुरीनं त्याला खुरांपासून तोडलं होतं. हात वर केलेलाच होता.

चित्रात दोन खूर राहिले होते. घोडा नसलेले. पट्टी बसवली की अर्धे दबणारे, फुलाच्या दोन पाकळ्या म्हणून खपावेत असे.

कड परत डकवता आली असती. तुकडे जुळवून, मोठी चौकट करून, तासाभराचं काम होतं. पण सांधा दिसला असता. मुनशींना नाही, त्यांना आता तेवढं दिसत नव्हतं. वडिलांना दिसला असता, सलीमला दिसला असता. दुकानाची लाज वाटली की माझी, ते आता वेगळं काढता येत नाही. मी भुसा गोळा केला आणि त्याच्यासकट तो स्वार खळीच्या चुलीत घातला. सोन्याचा शिडकावा असलेला कागद इतर कागदासारखाच जळतो.

संध्याकाळी मुनशी आले. त्यांनी काचेवरून तळवा फिरवला, चारी कोपरे चाचपले. कोपरे मी चांगले जुळवले होते. "वा," ते म्हणाले. "सगळं आलं न्हवं आत?"

"सगळं आलं," मी म्हणालो.

बेळगावच्या स्टँडावर सलीम गाडीखालून बाहेर आला, चिंधीला हात पुसले आणि चित्र घेतलं. कापड सोडताना तो हसत होता. वरची सोनेरी पट्टी दिसली तेव्हाही हसत होता. मग त्यानं ते उजेडाकडे तिरकं धरलं आणि अंगठा डाव्या कडेवर नेला, जिथं खूर होते तिथं. अंगठा पट्टीला अडला.

"घोडा कुठं गेला?"

मी कापडाची घडी घालत राहिलो.

"अब्बा काय म्हणाले?"

"काय न्हाय. दे म्हणाले."

"आणि हे कापलेलं?"

"मला दिलं, मी आणलं," मी म्हणालो. शब्द बघितले तर त्यात खोटं काही नव्हतं.

त्यानं चित्र पुन्हा कापडात बांधलं, माझ्यापेक्षा नीट. "बरं," तो म्हणाला. "समजलं." आणि परत गाडीखाली गेला.

पुढे फार वर्षांनी मुंबईच्या एका संग्रहालयात अशी इराणी पानं मी पाहिली. थंड खोलीत, छातीच्या उंचीवर, काचेमागे, पांढऱ्याशुभ्र पुठ्ठ्यात. कडा शाबूत होत्या. खाली चिठ्ठीवर देश आणि शतक. लोक एकेका पानापुढे थोडा वेळ थांबत आणि पुढे सरकत. काही पानांवरचा मजकूर कुणी वाचत नव्हतं, मलाही वाचता येत नव्हता. माझ्या मनात आलं, कड न कापताही हे संग्रहालयवाले तेच करताहेत काय? मांडी काढून घेतली, बोट काढून घेतलं, शेजारी बसलेलं लेकरू काढून घेतलं. मग वाटलं, ही पळवाट आहे. यांनी कुणाचा निरोप तोडलेला नाही. इथलं पान मुकं झालं असेल. माझ्या हातून गेलेलं पान बोललं होतं, आणि भलतं बोललं होतं. अनोळखी माणसानं ते पाहिलं असतं तर त्याला एक क्रूर राजा दिसला असता, इतकंच. सलीमला घोडा ठाऊक होता. म्हणून त्याला राजा दिसला नाही, फक्त कापणारा हात दिसला; आणि तो हात त्यानं बापाचा मानला.

सलीमला चित्र दिलं त्याच्या पुढच्या माघात आम्ही पुन्हा निपाणीला गेलो. तोच वास, त्याच शिंका. मुनशी कट्ट्यावर होते. चेहरा आवाजाकडे वळवून बसायची सवय त्यांना लागली होती.

"पोचवलंस न्हवं?"

"पोचवलं."

"बघितलं त्यानं?"

"बघितलं."

तिसऱ्या प्रहरी मोटार आली. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला नाही. स्टँडापाशी कुणीतरी तो लांबलचक दाबला. मुनशी म्हणाले, "हा दुसरा कोण तरी हाय. दिवाळीपासनं दुसराच हाय. सलीम आता गोव्याच्या वाटंला असतोय म्हणं. चोर्ल्याचा घाट, लई वळणं." काठी जवळ ओढून म्हणाले, "त्याला ते पटलं न्हाय, दत्तोबा. मी उशीर केला. चित्रात स्वार येळेवर येतोय, आम्हांला जमलं न्हाय." आणि मग चाचपत त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू कशाला तोंड पाडतोस? तुझं काम तू चोख केलंस."

त्या सुगीत मी रोज त्यांच्याकडे जात राहिलो. गूळ घेऊन जायचो, पाणी भरून ठेवायचो, वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. गावात माझं कौतुक झालं. सांगायचं ते सोडून बाकी सगळं मी केलं. त्या पावसाळ्यात ते गेले. गोव्याच्या वाटेवर निरोप धाडला होता, पण घाट बंद होता. सलीम पोचला तेव्हा कबरीची मातीसुद्धा बसली होती.

त्यानंतर काही वर्षांनी, स्वातंत्र्य यायच्या आधीच्या उन्हाळ्यात, तो आमच्या दुकानात आला. वडील आता नव्हते, गल्ल्यावर मी होतो. त्याच्या कानापाशी केस पांढरे झाले होते. काखेत तेच चित्र. काच तडकली होती.

"मुंबईला चाललोय," तो म्हणाला. "तिथं मोटारीचं काम मिळतंय. तेवढी काच बदलून देता काय?"

मी मागचे बारीक खिळे, आमच्या भाषेत चुका, उपटले, पट्टी सैल केली, काच काढली. पान उघडं समोर होतं. दोन खूर आता पूर्ण दिसत होते, ताजे, जणू आत्ताच उमटलेले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सलीम फळीला कोपर टेकून बघत होता.

"माझी पोरगी इचारती, ह्यो राजा कुणाकडं बघतोय," तो म्हणाला. "मी म्हणतो, आजोबांना इचारायला पायजे होतं." तो थोडा हसला. "अब्बा कडक होते. पर खोटं न्हवते. माफ केलं न्हाय तर न्हाय. गोड बोलून घरी बोलावलं असतं आणि मनात ठेवलं असतं, तर ते वंगाळ झालं असतं. त्यांनी सरळ कापून दाखवलं. म्हणून हे टाकवत न्हाय मला."

हिऱ्याची कलम माझ्या हातात होती. मी काच कापली. ती एका रेघेत तुटली. पुसली, बसवली, चुका मारल्या, मागे कागद लावला, नवी दोरी बांधली. एवढा वेळ तो उभा होता, आणि एवढा वेळ मी बोलू शकत होतो. तो माझ्यावर धावून आला असता किंवा रडला असता किंवा नुसता निघून गेला असता. पण आपला बाप कसा होता हे मुंबईच्या गाडीत बसण्याआधी त्याला कळलं असतं. त्यानं चित्र काखेत घेतलं, "येतो, अण्णा" म्हणाला आणि पायऱ्या उतरला. मुंबईत तो कुठे गेला हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कळण्याचा धोका होता.

त्याला सांगायचं म्हणून मी पुष्कळ वर्षं मनाशी जुळवाजुळव केली. सुरुवातीला ते लांबलचक होतं. त्यात आमच्या धंद्याची रीत होती, लक्ष्मीचं माप होतं, दोन भांडणारी गिऱ्हाइकं होती, माझं वय होतं. एकेक करत ते सगळं मी काढून टाकलं, कारण त्यातलं काहीही त्याच्या कामाचं नव्हतं. आता उरलं आहे ते इतकं लहान आहे, की त्या दिवशी काच पुसता पुसताही सांगून झालं असतं:

सलीम, ती कड मी कापली. अब्बांनी न्हाय. त्यांनी घोडा धाडला होता.